ला फोचे: चिकणमातीतून उभी राहिलेली इस्टेट

रविवार

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्लॉरेन्सच्या दिशेने जाणारी साधी गाडी पकडली की दीड-पावणेदोन तासांत किउसी-कियांचानो तेर्मे स्टेशन येतं. जलद गाड्या बहुतेक करून तिथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढताना गाडी नीट बघून घ्यावी. पुढे तोस्कानातल्या वाल द'ओर्चा, म्हणजे ओर्चा नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांत फिरायचं तर स्वतःची गाडी हवीच, कारण बस दिवसातून मोजक्याच. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते मी निघण्याआधीच आरटीओतून काढून ठेवलं होतं. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय पहिल्या अर्ध्या तासात होते. त्यातून बाबा शेजारी बसून प्रत्येक चौकात "उजवीकडे ठेव गं" म्हणत होतेच.

मे महिन्याचा शेवट होता. कियांचानो गाव मागे पडलं, रस्ता झाडीतून चढत खिंडीत पोचला आणि पलीकडे ओर्चा नदीचं अख्खं खोरं उघडं झालं. समोर मोन्ते अमियाता, १,७३८ मीटर उंचीचा, कधीचाच विझलेला ज्वालामुखी. डावीकडे लांब टेकडीवर रादिकोफानीचा बुरूज. मध्ये गहू पिवळा पडायला लागलेला, उतारांवर जेनिस्त्राची पिवळीधमक झुडपं. आणि या खिंडीच्या तोंडाशीच ला फोचे. १५व्या शतकाच्या अखेरीस सिएनाच्या सांता मारिया देला स्काला या धर्मादाय रुग्णालयाने रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी इथे धर्मशाळा बांधली. त्या रुग्णालयाकडे देणग्यांतून आलेल्या प्रचंड जमिनी होत्या, आणि त्यांच्या उत्पन्नावर रुग्ण, अनाथ मुलं आणि वाटसरू पोसले जात. तीच वास्तू पुढे इस्टेटीचं मुख्य घर झाली.

आम्ही राहिलो ते या मुख्य घरात नव्हे. इस्टेटीवरची जुनी शेतघरं आता पाहुण्यांना राहायला देतात, त्यांतल्या एकात आमचं बिऱ्हाड होतं. हातभर जाडीच्या दगडी भिंती, लाल विटांची फरशी, डोक्यावर लाकडी तुळया. वर कुटुंब आणि खाली बैल, अशी इथल्या शेतघरांची मूळ रचना. आमची बैठकीची खोली म्हणजे पूर्वीचा गोठाच. भिंतीत दावं बांधायची लोखंडी कडी तशीच ठेवली आहे. बाबांनी आत आल्या आल्या तिला हात लावून बघितला आणि मग बॅग खाली ठेवली.

इथेच का आलो, ते सांगायला हवं. बाबा राज्याच्या कृषी खात्यात मृदसंधारणाच्या कामात होते. बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाणलोट यांत त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांना आयरिस आणि अंतोनिओ ओरिगो या दांपत्याबद्दल सांगितलं होतं, की १९२४ साली लग्न झाल्यावर या दोघांनी जवळपास ओसाड पडलेली ही इस्टेट विकत घेतली आणि तिथे शेती उभी केली. बाबांनी लगेच विचारलं, "माती कुठली होती?" ते मला सांगता आलं नाही, आणि बाबांच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. दुसरं कारण मोन्तोने या गावाचं होतं. ते गुरुवारात येईल.

रात्री दोपोलावोरोमध्ये जेवलो. १९३९ साली इस्टेटीवरच्या कामगारांनी काम आटोपल्यावर जमावं म्हणून ओरिगोंनी ही इमारत बांधली, आता तिथे रेस्टॉरंट आहे. हाताने वळलेला जाडसर पिची पास्ता, त्यावर टोमॅटो आणि आल्योने या भल्यामोठ्या कुड्यांच्या सौम्य लसणाचा सॉस. आम्ही दोघं शाकाहारी. तोस्कानातल्या शेतकऱ्याचं रोजचं जेवण पाव, वाल-पावट्याच्या जातीच्या शेंगा आणि भाज्या यांवरच उभं असल्याने अडचण अशी आली नाही. इथला पाव बिनमिठाचा असतो. बाबांनी त्यावर ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर मीठ घालून मनापासून खाल्ला.

सोमवार

सकाळी उठले तर बाबा खोलीत नव्हते. खालच्या शेताच्या कडेला, नांगरट संपते तिथे ते उकिडवे बसले होते. हातात मातीचं ढेकूळ. ते त्यांनी दोन बोटांत चुरडलं, थुंकी लावून पुन्हा मळलं, त्याची बारीक वळी केली. वळी मोडली नाही. "पन्नास टक्क्यांच्या वर चिकणमाती," ते म्हणाले, "आणि हे पांढरं बघ." मातीवर करड्या-पांढऱ्या क्षाराची पातळ पापुद्री होती.

ही माती म्हणजे प्लायोसीन, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या काळातला समुद्रतळ. समुद्र हटला, तळ वर उचलला गेला आणि त्याच्या निळसर करड्या टेकड्या झाल्या. सिएनाच्या दक्षिणेच्या या मुलखाला क्रेते म्हणतात. जिथे झाडोरा नाही तिथे पाऊस ही माती धुऊन नेतो आणि मागे घुमटासारखे उघडे टेकाड राहतात, त्यांना बियांकाने म्हणतात. त्यांच्या पृष्ठभागावर सोडियम सल्फेटचा थर येतो, म्हणून ते लांबून पांढुरके दिसतात. ओल्यात ही माती पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीचीच ही करडी बहीण, फक्त उतारावर मांडलेली, आणि सारी अडचण त्या उतारातच आहे.

१९२३च्या शरद ऋतूत आयरिस आणि अंतोनिओ यांनी ही जागा पहिल्यांदा बघितली तेव्हा समोरचा सगळा उतार असाच उघडा होता. आयरिसचं वय २१. वडील अमेरिकन, आई आंग्ल-आयरिश. फ्लॉरेन्सजवळ फिएसोलेच्या विला मेदिचीत ती लहानाची मोठी झाली. पुस्तकांत, बागांत आणि पाहुण्यांत वाढलेली ही मुलगी. अंतोनिओला मात्र शेती करायची होती, आणि दोघांनाही सगळं तयार हाती येणारी जागा नको होती. सुमारे ३,५०० एकर जमीन आणि २५ शेतघरं त्यांनी घेतली. पुढे ती ७,००० एकर आणि ५७ शेतघरांपर्यंत वाढली. तेव्हा बऱ्याच घरांची छपरं गळत होती, रस्ते नव्हते, वीज नव्हती, मुलांना शाळा नव्हती.

दिवसभर आम्ही इस्टेटीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून हिंडलो. मला दिसत होता देखावा, बाबांना दिसत होतं काम. ओहोळाच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं आणि आडव्या घातलेल्या दगडी बांधाकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे गाळ साठून सपाट तुकडा तयार झालेला, त्यात आता गवत. वर आणखी एक, त्याच्याही वर आणखी एक. "वरून खाली यायचं असतं," ते म्हणाले, "खालचा बांध आधी घातला की पहिल्याच पावसात जातो." घळी बुजवणं, टेकाडं फोडून सपाट करणं, पाणी अडवणं, झाडं लावणं, रस्ते आणि विहिरी करणं, असं ते काम वर्षानुवर्षं चाललं. त्या काळात इटालियन सरकार जमीनसुधारणेसाठी मोठी अनुदानं देत होतं. ती मुसोलिनीच्या राजवटीची योजना होती आणि ओरिगोंनी तिचा फायदा घेतला. हे लपवण्यासारखं नाही आणि विसरण्यासारखंही नाही.

राबले मात्र शेतकरी. तोस्कानात शतकानुशतकं मेझाद्रिया चालत आली होती. मालकाने जमीन, घर आणि भांडवल द्यायचं, कुटुंबाने कष्ट करायचे, पीक निम्मं निम्मं. आपल्याकडची अर्धेलीच. पण इथे शेतघरही मालकाचं, त्यामुळे करार तुटला की कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्परही जायचं. ओरिगोंनी शाळा काढली, दवाखाना उघडला, नर्स ठेवली, घरं दुरुस्त केली, हे सगळं खरं. तरी युद्धानंतर या खोऱ्यातल्या अर्धेली शेतकऱ्यांनी जास्त वाट्यासाठी आणि हक्कांसाठी लढा दिला आणि तो त्यांचा हक्कच होता, असं माझं ठाम मत आहे. १९६४च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार बंद झाले. तोवर बरीच कुटुंबं शहरांतल्या कारखान्यांकडे निघूनही गेली होती. घरं रिकामी पडली. १९८५ साली कृषी पर्यटनाचा कायदा आला आणि इटलीभर अशा घरांत पाहुणे राहायला लागले. आमच्यासारखे.

ज्या भिंतीतल्या कडीला कुणाचे तरी पांढरे कियानिना बैल बांधलेले असत, तिच्याखाली आपण सोफ्यावर बसतो. कुणाचे, ते कुठे लिहिलेलं नाही. एखाद्या इस्टेटीने आपल्या प्रत्येक शेतघराच्या दारावर तिथे राहून गेलेल्या कुटुंबांची नावं लावली तर ते वाचायला मी पुन्हा जाईन.

मंगळवार

सकाळी पिएन्झा. इथे जन्मलेला मुलगा पुढे पोप पायस दुसरा झाला आणि त्याने १४५९मध्ये बेर्नार्दो रोस्सेलिनो या वास्तुकाराकरवी आपलं कोर्सिन्यानो हे खेडं तीन-चार वर्षांत बदलून टाकलं. चौक लहान आहे आणि त्याची मापं इतकी नेमकी की मध्ये उभं राहिलं की पाऊल उचलवत नाही. कॅथेड्रलची मागची बाजू उताराकडे खचते आहे. आत शिरल्यावर फरशीचा कल पायांना कळतो. बाबा बराच वेळ त्या भेगांपाशी होते. दुकानांतून पेकोरिनो चीजचा वास गल्लीभर. आपल्यातल्या कडक शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं, हे चीज लावायला बहुधा प्राणिज विरजण वापरतात.

दुपारी मोन्तिक्कीएल्लो. गाव तटबंदीतलं, एवढंसं. इथल्या लोकांनी १९६७पासून एक रीत सांभाळली आहे: दर उन्हाळ्यात गावाने स्वतःच नाटक लिहायचं, स्वतःच चौकात करायचं, विषय गावाचाच. मेझाद्रिया मोडली, तरुण निघून गेले, शाळेत मुलं उरली नाहीत, तेव्हा आपलं काय होणार हे बोलायला त्यांनी रंगमंच निवडला. याला ते तेआत्रो पोवेरो म्हणतात. गावाच्या आठवणीत ६ एप्रिल १९४४ आहे. त्या दिवशी पार्टिझनांची, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांची, इथे फॅसिस्ट सैन्याशी लढाई झाली, मग जर्मन आले आणि गावकऱ्यांना भिंतीशी उभं केलं. गावातच राहणाऱ्या एका जर्मन बाईने मध्ये पडून त्यांना वाचवलं. प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये असतात, आमच्या वाट्याला आला तो रिकामा चौक. कोकणातल्या गावात दशावतार बघत मोठ्या झालेल्या बाबांना ही नाटकाची गोष्ट इतकी आवडली की तिकिटं कधी निघतात ते त्यांनी दोघांना विचारून घेतलं.

बुधवार

बुधवारी दुपारी ला फोचेची बाग बाहेरच्या लोकांनाही बघता येते, मार्गदर्शकाबरोबर. मी याआधी इटलीतल्या बऱ्याच बागांचे फोटो बघितले होते. ही बाग फोटोत नीट येत नाही, कारण तिचं मर्म पातळ्यांत आहे.

सुरुवात पाण्यापासून. इथे पाणीच नव्हतं. आयरिसच्या अमेरिकन आजीने भेट म्हणून पैसे दिले आणि सुमारे दहा किलोमीटरवरच्या जंगलातल्या झऱ्यापासून नळ आणला, तेव्हा कुठे बागेचा विचार करता आला. नात परदेशात, दगडधोंड्यांत जाऊन राहिली आहे, तर तिला पाणी द्यावं, हे त्या म्हातारीला सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं. नळ आल्यावर १९२७मध्ये सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुकाराने पहिला तुकडा आखला: घराला लागून लहानसा चौकोन, मध्ये ट्रॅव्हर्टिन दगडाचं कारंजं, भोवती कापून सरळ केलेली बॉक्सवूडची कुंपणं. पुढे बारा वर्षं, १९३९पर्यंत, जसे पैसे आणि वेळ मिळाला तसा एकेक भाग जोडत गेले. लिंबांची बाग, विस्टेरियाचा मांडव, गुलाब, आणि सगळ्यात खाली मोठी भौमितिक बाग.

लिंबाची झाडं भल्यामोठ्या मातीच्या कुंड्यांत आहेत. हिवाळ्यात थंडीपासून वाचवायला कुंड्या आत न्यायच्या आणि वसंतात पुन्हा बाहेर काढायच्या, हे दरवर्षीचं काम. माळी कुंपण कापत होता. हातातली कात्री थांबवून तो मधूनमधून दोन पावलं मागे जायचा, डोळा मिटून रेघ बघायचा आणि पुन्हा कापायचा. आम्ही तिथे असेपर्यंत त्याने जेमतेम वावभर कुंपण पुरं केलं.

खालच्या बागेत उतरलं की पिन्सेंटने काय केलं ते कळतं. बॉक्सवूडच्या दुहेरी रांगा एकमेकींकडे निमुळत्या होत जातात आणि नजरेला टोकाच्या तळ्यापाशी नेऊन सोडतात. तिथून वर बघितलं तर अमियाता पर्वत बरोबर समोर, जणू त्याचीही लागवड इथेच केलेली. बागेची हद्द आणि खोऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये भिंत नाही. आणि पलीकडच्या टेकडीवर तो रस्ता: सायप्रसच्या उंच झाडांच्या दुतर्फा रांगांमधून नागमोडी चढणारा. तोस्कानाच्या कॅलेंडरांवर, बिस्किटांच्या डब्यांवर छापला जातो तो हाच. बघणाऱ्याला तो मध्ययुगापासूनचा वाटतो, पण तोही ओरिगोंच्या काळात आखलेला आहे, सिएनाच्या १४व्या शतकातल्या चित्रांमधली निसर्गदृश्यं मनात ठेवून. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेल्या भिंतीवर असाच मुलूख आहे, नांगरलेला, पेरलेला, माणसांनी भरलेला. ओरिगोंना तो चित्रातला मुलूख या उघड्या चिकणमातीवर परत आणायचा होता.

बाबांना मी विचारलं, सायप्रसच का लावला असेल? "मुळं," ते म्हणाले. "रस्ता धरून ठेवायला." दोन्ही उत्तरं खरी असणार.

झाडीतून वर थोडं चाललं की लहानसं कब्रस्तान लागतं, तेही पिन्सेंटचंच काम. ओरिगोंचा मुलगा जान्नी १९३३ साली मेंदूज्वराने गेला. सात वर्षांचा होता. त्याला इथे पुरलं. १९७६मध्ये अंतोनिओ आणि १९८८मध्ये आयरिस त्याच्याशेजारी आले. त्यांच्याभोवती इस्टेटीवरच्या माणसांच्या कबरी आहेत. बागेच्या भेटीत सगळेच इतक्या लांब येत नाहीत. यावं.

गुरुवार

सकाळी लवकर निघालो. किउसीवरून त्रासिमेनो सरोवराच्या कडेने पेरुजा, मग टायबर नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे उंबेर्तीदे आणि मोन्तोने. दीड तासाहून थोडा अधिक रस्ता. हे आता तोस्काना नव्हे, उंब्रिया.

बाबांचं आजोळ माणगाव तालुक्यातलं. मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. बाबा लहानपणी सुट्टीला जायचे तेव्हा मामा सांगायचे, हा आपल्या पळसगावचा, इटलीत लढला. इटली म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं. तो सैनिक म्हणजे नाईक यशवंत घाडगे, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३री बटालियन, १०वी भारतीय डिव्हिजन. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उरले ते एकटे. ते थांबले नाहीत. धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्या ठाण्यातच ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इटलीच्या लढाईत भारतीय सैन्याच्या ४थ्या, ८व्या आणि १०व्या डिव्हिजन होत्या, ५०,००० हून जास्त जवान. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय जवानांचे. दुसरे मराठे वीर नामदेव जाधव, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनी एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि ते जिवंत परतले.

मोन्तोने टेकडीवरचं तटबंदीचं गाव आहे. १५व्या शतकाच्या सुरुवातीचा नामांकित सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो इथला. गाडी तटाखाली लावून चढून गेलो. इथे जुलै २०२३मध्ये गावाच्या पुढाकाराने आणि भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत यशवंत घाडग्यांचं स्मारक उभारलं गेलं. स्मारक सूर्यघडीचं आहे, त्यावर लॅटिनमध्ये ब्रीद आहे: आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

बाबांनी सन्मानपत्राचा मजकूर छापून आणला होता. तो त्यांनी उभ्याने, चष्मा सारखा करत, मोठ्याने मराठीत सांगितला. ऐकायला मीच होते, तरी मोठ्याने. आणि शेवटी रेजिमेंटची घोषणा: "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" दुपारच्या त्या गल्लीत आवाज घुमला. एक वयस्क गृहस्थ खिडकीतून डोकावले, खाली आले आणि त्यांनी विचारलं, "इंदियानी?" मी फोनवर नकाशा उघडून माणगाव दाखवलं. त्यांनी समारंभाच्या दिवसाचं हातवारे करत वर्णन केलं, मग आम्हाला चौकातल्या बारमध्ये नेऊन कॉफी पाजली आणि पैसे देऊ दिले नाहीत. बाबा त्यांना "आभारी आहे" म्हणाले, मराठीतच.

त्या गृहस्थांना मी विचारलं, लढाई कुठे झाली. त्यांनी उत्तरेकडच्या डोंगरांच्या रांगेवरून सबंध हात फिरवला.

परतताना बाबा बोलत नव्हते. त्रासिमेनो आलं तेव्हा म्हणाले, "जूनमध्ये ला फोचेवरून लढाई पुढे सरकली आणि जुलैत इथे पोचली. म्हणजे एकच उन्हाळा गं." मीही तोच हिशेब करत होते.

शुक्रवार

म्हणून आज त्या जूनच्या रस्त्याने गेलो. ला फोचे ते मोन्तेपुल्चानो.

१९४३च्या सुरुवातीला जेनोआ आणि तुरिनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ओरिगोंनी तिथली २३ मुलं आपल्याकडे आणली. शाळेच्या इमारतीत त्यांची सोय केली. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला इटलीचा शस्त्रसंधी जाहीर झाला आणि जर्मनांनी देश ताब्यात घेतला. तुरुंगछावण्यांतून निसटलेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक, पार्टिझन, ज्यू, घर सुटलेली माणसं, सगळी जंगलातून ला फोचेच्या दारात येऊ लागली. त्यांना अन्न, कपडे, औषध, नकाशा द्यायचा आणि पुढे पाठवायचं. पकडलं गेलं तर शिक्षा मृत्यूची. अर्धेली शेतकऱ्यांनी या माणसांना आपल्या घरांत लपवलं, आपल्या पानातलं वाढलं. त्यांच्यापाशी देण्याजोगं फार थोडं होतं आणि जोखीम मालकाइतकीच. आयरिस रोजची हकीकत लिहून ठेवायची आणि कागद लपवायची. ती रोजनिशी १९४७मध्ये प्रसिद्ध झाली.

२२ जून १९४४ला आघाडी इस्टेटीवरच आली. सगळे तळघरात होते, वर तोफगोळे पडत होते. जर्मनांना तळघर हवं होतं, त्यांनी निघायला सांगितलं. ६० जण चालत निघाले: चार तान्ही बाळं, २८ मुलं, बाकी मोठी माणसं. आयरिसची धाकटी मुलगी वर्षाची. मुलांना दोन गोष्टी बजावल्या. रस्त्याच्या मधोमध चाला, कडेला सुरुंग आहेत. आणि घोळक्याने चालू नका, विमानातून दिसाल. बाबागाडीत लंगोट, प्रत्येकाच्या अंगाखांद्यावर जमेल तेवढं. विमान आलं की शेतात आडवं व्हायचं, गेलं की उठायचं.

आज हा रस्ता गुळगुळीत डांबरी आहे. बाबांच्या गुडघ्यांमुळे बहुतेक अंतर गाडीने हळूहळू कापलं आणि शेवटचा चढ सान ब्याजोच्या देवळापासून पायी चढलो. आंतोनिओ दा सांगाल्लो थोरल्याचं हे देऊळ सोनेरी ट्रॅव्हर्टिनचं, गावाबाहेर हिरवळीत एकटंच उभं. तिथून वर मोन्तेपुल्चानोचा तट डोळ्यात भरतो. या तटावरून गावकऱ्यांनी मुलांची रांग येताना पाहिली होती आणि ते खाली धावत आले होते. मुलांना खांद्यावर घेतलं, आपापल्या घरी नेलं. एकही मूल मागे राहिलं नाही, एकही मूल रस्त्यात गेलं नाही.

चढ खरोखरच छातीवर येतो. दहा मिनिटांत आम्ही दोघं घामाघूम झालो, तेही पाणी पिऊन, नाश्ता करून, सकाळच्या गार वाऱ्यात.

आठवड्याने ओरिगो परतले तेव्हा घर लुटलेलं, बागेत तोफगोळ्यांचे खड्डे, शेतांत सुरुंग, शेतघरांची पडझड. बुधवारी पाहिलेली ती कापीव कुंपणं म्हणजे दुसऱ्यांदा उभी केलेली बाग.

मोन्तेपुल्चानोत लोक वाइनच्या तळघरांसाठी येतात, विनो नोबिले प्रसिद्धच आहे. आम्ही चौकात बसून लिंबाचं सरबत घेतलं.

शनिवार

सकाळी किल्ल्या परत केल्या. ऑफिसातल्या बाईंना बाबांनी मोन्तोनेबद्दल सांगितलं, त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं. जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत यावं. जुलै-ऑगस्टमध्ये ही जमीन भाजून निघते आणि दरही चढतात. आणि बुधवार धरूनच मुक्काम ठरवावा, म्हणजे बाग चुकत नाही. मोन्तोनेला जायचं तर गाडी हाताशी असताना जावं, रेल्वेने ते अवघड आहे.

रोमच्या गाडीत बाबांनी नकाशा मागितला. यशवंत घाडग्यांची कबर नाही. ज्यांना कबर नाही अशांची नावं कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचंही आहे. कासिनो रोम-नेपल्स मार्गावर, रोमहून दोन तासांच्या आत. आमचं विमान रविवारी रात्रीचं होतं. "सकाळची गाडी बघ," बाबा म्हणाले, "आणि मराठा कुठल्या पाटीवर आहेत ते आधी शोधून ठेव."